आप्पांची बारा बटणं

ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा भुवयांच्या चिमट्याने बाहेर काढला. त्या दिवसापासून आमच्या शाखेत ‘सागरला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं’ असा समज आहे. चिमटा माझ्या खिशात कसा आला हे कुणी विचारलं नाही. समज लोकांपुरता होता तोवर ठीक होतं. हळूहळू तो माझाही झाला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

आमचे आप्पा एसटीत कंडक्टर होते. रत्नागिरी-गणपतीपुळे मार्गावर त्यांचा आवाज ठाऊक नाही असा माणूस मिळणं कठीण. आरे-वारेच्या चढावर त्यांनी ‘पुढे सरका’ म्हटलं की खाली किनाऱ्यावर उभी असलेली माणसंही चार पावलं पुढे सरकत, असं आमचे शेजारी सखारामकाका अजून सांगतात. अशा माणसाच्या उजव्या अंगावरून गेल्या वर्षी वारं गेलं. पाय थोडाफार सुधारला, हात नाही सुधारला, आणि वाचा गेली ती गेलीच. बाकी डोकं शाबूत. समजतं सगळं आणि रागही पूर्वीइतकाच येतो, पण तोंडातून ‘ब ब’ याखेरीज काही निघत नाही.

मग पेल्याची पद्धत सुरू झाली. आप्पा डाव्या हाताने स्टीलचा पेला टेबलावर आपटायचे आणि घरातली सगळी माणसं धावायची. पण हाक नेमकी कुणाला आणि कशासाठी, हे पेल्याच्या आवाजावरून कळायचं नाही. आई पाणी घेऊन यायची, माझी बायको दर्शना औषध घेऊन यायची, मी पंखा लावायचो, आणि आप्पांना हवं असायचं ते खिडकीतलं मांजर हाकलणं. आम्ही एकेक वस्तू नाचवून दाखवायचो. ते मान हलवून हलवून दमायचे, शेवटी डोळे मिटून घ्यायचे.

गणपती आटपल्यावर कधीतरी त्यांनी पेला आपटणं सोडलं. पहिल्यांदा मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर आप्पा अंधारात बसलेले. दिव्याचं बटण त्यांना पोचत नव्हतं, आणि दिवा लावा हे सांगायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. पेला हाताशीच होता. मला त्या वेळी फार भीती वाटली. माणूस आजारी असतो तेव्हा आपण औषध आणतो, पण त्याने बोलायचाच नाद सोडला तर काय आणायचं?

मोबाईलचं ॲप करून पाहिलं होतं. पण आप्पांचं बोट थरथरतं, काचेवर ते पाण्याच्या चित्रावर ठेवलं की पोचतं देवपूजेच्या चित्रावर. त्यांना हवं होतं खरंखुरं बटण, दाबल्याचं हाताला कळेल असं. जन्मभर तिकिटाचा पंच टिकटिकवलेला हात तो. आणि मग एका व्हिडिओत मला दिसला एक दाढीवाला मनुष्य, स्वतः जोडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेला. एक बटण दाबलं की अख्खं वाक्य उमटत होतं. बटणाला ‘टक्’ असा सुरेख आवाज. मी ताडकन उठलो. बारा बटणांची छोटी पट्टी करायची, प्रत्येक बटणाला एक वाक्य, पट्टी जोडायची आमच्या जुन्या लॅपटॉपला, आणि उमटलेलं वाक्य लॅपटॉपने मोठ्याने वाचायचं. आप्पा बोलणार!

“तयार मिळत नाही का असं काही?” दर्शनाने विचारलं.

“मिळतं. पण त्यात आपलं काही नसतं.”

“आपलं काही नसतं म्हणूनच ते चालत असेल,” ती म्हणाली. बायकोचा नवऱ्याच्या तांत्रिक ज्ञानावर विश्वास नसतो, हे मी मोठ्या मनाने मान्य केलं आहे.

सुटे भाग परदेशातून मागवले. ते मुंबईपर्यंत विमानाने आले आणि तिथे कुरिअर कंपनीने अडवले. कंपनीचं नाव घेत नाही, अजून एक पार्सल त्यांच्याकडेच आहे. त्यांनी विचारलं, वस्तूचा उपयोग काय? मी सरळ मनाने कळवलं, ‘वडिलांना अर्धांगवायू झाला आहे, त्यांना बोलता यावे म्हणून.’ उत्तर आलं की मग हे वैद्यकीय उपकरण झालं, आयातीचा परवाना जोडा. मी कळवलं, वैद्यकीय नाही हो, साधी बटणं आहेत. त्यावर विचारणा झाली की आधी वैद्यकीय आणि आता बटणं, यातलं खरं काय ते प्रतिज्ञेवर सांगा. खरं बोलल्यामुळे माणूस किती अडचणीत येतो पाहा. शेवटी मी ‘छंद’ असा एकच शब्द लिहिला आणि पार्सल सुटलं.

तोवर सखारामकाकांना वास लागला होता. सखारामकाका पोफळीला वीजघरात नोकरीला होते. निवृत्त होऊन इथे रत्नागिरीत, आमच्या मांडवीत आले त्याला बरीच वर्षं झाली, पण जीव अजून पोफळीतच आहे. भाताची पेज कशी करावी यावरही त्यांचं बोलणं ‘आमच्या पोफळीला’ असं सुरू होतं.

“सागरा, ह्याला अर्थिंग काय दिलंयस?” त्यांनी पट्टीकडे पाहून विचारलं.

“काका, हे पाच व्होल्टवर चालतं. जिभेला लावलं तरी कळणार नाही.”

“आमच्या पोफळीला असाच एक म्हणायचा. कळणार नाय, कळणार नाय! मग कळला त्याला. आजाऱ्याच्या हातात देतोयस मशीन, काय पोरखेळ आहे?”

‘आजाऱ्याच्या हातात’ म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला आणि माझा विरोध संपला. दुसऱ्या दिवशी काका पहार, कोळसा आणि जाडं मीठ घेऊन हजर. मागच्या परसात त्यांनी स्वतः जागा निवडली, जांभा फोडत फोडत खड्डा घेतला. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा त्यातून पाण्याचं कारंजं उडालं. आमच्या गल्लीची नळाची लाइन तिथून जाते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. काका भिजून चिंब, पण चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नाही. “प्रेशर चांगला आहे,” ते म्हणाले.

गल्लीतल्या बायका कळश्या घेऊन आमच्या परसात. मी पाणी खात्याच्या माणसाला बोलावलं. त्याने आधी विचारलं, खोदकाम कशासाठी? कीबोर्डाच्या अर्थिंगसाठी, असं मी सांगितलं. त्याने अतिशय मृदू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं, “घरात आणखी कोण आहे?” असं विचारलं. लाइन दुरुस्त होईपर्यंत मी समोरच्या विहिरीचं पाणी शेंदून गल्लीला पुरवलं. आमच्या ऑफिसात पाटबंधाऱ्यांचं काम चालतं, पण इतक्या प्रत्यक्ष स्वरूपात ते मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

पट्टी जोडून झाली. वायरींना कथलाचे डाग देताना बोटं दोन ठिकाणी भाजली, ती मी कुणाला दाखवली नाहीत. आता उरलं फर्मवेअर. म्हणजे असं की, बटण दाबल्यावर काय करायचं हे पट्टीच्या पोटातल्या चिपला आधी शिकवावं लागतं. ती शिकवण आपण लॅपटॉपवर लिहायची आणि वायरीतून चिपच्या डोक्यात भरायची. या भरण्याला फ्लॅश करणं म्हणतात. अडचण एवढीच की चिपला मराठी येत नाही. तिला फक्त इंग्रजी अक्षरांची बटणं दाबल्याचं सोंग करता येतं, आणि लॅपटॉप मराठीवर ठेवला असेल तर त्यातून मराठी उमटतं. म्हणून ‘चहा’ लिहायचा तर मला सेमीकोलन, यू आणि ई असं लिहावं लागे. आठवडाभर मी घरात तसल्याच अक्षरांत पुटपुटत होतो. दर्शनाने तेवढ्यात माहेरी फोन करून काहीतरी सांगितलं, काय ते मला कळलं नाही.

रविवारी फ्लॅश करायचं ठरलं. आई म्हणाली, “नारळ ठेवल्याशिवाय काय ता करू नको.” मी नको म्हणालो नाही. नव्या रिक्षेला नारळ, नव्या होडीला नारळ, मग आप्पांच्या आवाजाला का नको? सखारामकाकांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, ह्या घरच्या मालकाची वाचा बंद झाली हाय, ती तू मोकळी कर, आणि ह्या पोराच्या हातून काय चूकभूल झाली आसंल ती पदरात घे रे महाराजा!” आम्ही सगळे “व्हय महाराजा” म्हणालो. माझ्या चूकभुलीचा उल्लेख काकांनी नळाच्या लाइनच्या संदर्भात केला असावा, हे त्यांच्या तोंडून ऐकणं मला जरा जड गेलं. मग त्यांनी नारळ फोडला. एकाच घावात, वीजघरातल्या ताकदीने. नारळाचं पाणी उडालं ते थेट पट्टीवर.

दर्शना फडकं आणायला धावली. आप्पा तेवढे आरामखुर्चीत बसून ‘ब’ म्हणाले, आणि त्या एका अक्षरात माझ्याविषयी त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पूर्ण समजलं.

पट्टी पुसून तांदळाच्या डब्यात पुरली. दोन-तीन दिवस आमच्याकडे भात झाला नाही, कारण डब्याला कुणी हात लावायचा नाही असा माझा हुकूम. आमच्या घरी भाताशिवाय दोन दिवस म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मग पट्टी काढली, छातीवर दगड ठेवून लॅपटॉपला जोडली, चिपशेजारचं बारीक बटण दाबून धरलं. पडद्यावर एक नवीन ड्राइव्ह दिसला. मी त्यात फाईल टाकली आणि ड्राइव्ह नाहीसा झाला! पुन्हा जोडली, पुन्हा टाकली, पुन्हा नाहीसा. सकाळ गेली, दुपार गेली. जेवणाचं ताट निवलं. नारळाच्या पाण्याने चिप मेली असं मी जाहीर केलं, आणि मी नारळाला दोष देतो म्हणून आई माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी कुठेतरी वाचलं की फाईल नीट भरली गेली म्हणजेच ड्राइव्ह आपोआप नाहीसा होतो. म्हणजे मी दिवसभर यशस्वी होत होतो. फक्त मला ते कळत नव्हतं.

संध्याकाळी पट्टी आप्पांच्या मांडीवर ठेवली. सखारामकाका, आई, दर्शना सगळे भोवती. “आप्पा, दाबा,” मी म्हणालो. आप्पांनी डावी तर्जनी उचलली. थरथरत थरथरत ती पहिल्या बटणावर आली. टक्. लॅपटॉपातून एका बाईचा स्वच्छ, बातम्या सांगणारा आवाज आला, “कृपया मला थोडा चहा मिळू शकेल का?”

आप्पांनी बोट मागे घेतलं, विस्तव लागल्यासारखं. दुसरं बटण दाबलं. “मला किंचित गरम होत आहे. पंखा लावल्यास मी आभारी राहीन.”

“अहो,” दर्शना हळूच म्हणाली, “आप्पांनी जन्मात कुणाला कृपया म्हटलंय का?”

वाक्यं मी फार विचार करून लिहिली होती. शुद्ध, सभ्य, परक्यासमोरही शोभतील अशी. आप्पांनी पट्टी मांडीवरून बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी दुखावलो. इतकी खटपट केली आणि हे फळ! पण रात्रीच्या जेवणाला आमटी वाढता वाढता आई म्हणाली, “तू बोलता केलास कुणाला? ते हे नव्हेत. ही कोण ता शाळेतली बाय हाय.”

तेव्हा पुन्हा बसलो, या वेळी आप्पांना मध्ये घेऊन. आप्पा खरोखर काय म्हणायचे ते प्रत्येकाने आठवून सांगायचं आणि पसंत असेल तर आप्पांनी मान हलवायची. मी म्हणालो, “चहा हवा.” मान नाही हलली. आई म्हणाली, “चाय टाक गो, घसा सुकला.” मान हलली. दर्शनाने सांगितलं, “मांजर हाकला आधी.” हलली. ‘पुढे सरका’ तर न विचारता घातलं. मला उद्देशून ‘गाढवा, इकडे बघ’ असं एक बटण असावं यावर घरात चकित करणारी एकी झाली. सखारामकाका म्हणाले, “मला हाकलायचा ता घाल की! सखाराम, पुरे आता, घरी जा!” आणि आप्पा हसले. वाकडं, अर्ध्याच तोंडाने, पण हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मी लॅपटॉपात डोकं घालून उगाच काहीतरी शोधत राहिलो, कारण माझं मला आवरेना.

नवं फर्मवेअर भरलं आणि घर बदललं. आप्पा दिवसभर बोलायला लागले. अडचणी होत्याच. इंटरनेट गेलं की बाई मुकी व्हायची. नारळाच्या पाण्याने एक बटण चिकट झालं होतं, ते एकदा दाबलं की चार वेळा उमटायचं, आणि ते नेमकं गाढवाचं होतं. एकदा लॅपटॉप चुकून इंग्रजीवर गेला, आप्पांनी चहा मागितला, आणि बाई “सेमीकोलन ई स्लॅश” असं मोठ्या गांभीर्याने सांगू लागली. आई म्हणाली, तिला बरं नाही का? सखारामकाकांना तर दिवसातून दोनदा घरी पाठवलं जायचं. ते खुशीने जायचे, आणि घरी पाठवून घेण्यासाठी पुन्हा यायचे.

एका बटणाचं मात्र माझ्या हातून भलतंच झालं. आईला हाक मारायचं बटण. ते मी आमच्या त्या बैठकीत विचारायचं विसरलो आणि सभ्य वाक्यांच्या काळातलं तसंच राहिलं. आई मागच्या पडवीत सुकट निवडत होती. आत टक् झालं, आणि तो स्वच्छ बायकी आवाज घरभर घुमला, “गोदा, इकडे ये.”

आई केरसुणी घेऊन आली. “कोण ही भवानी? मला एकेरी नावानं बोलावते?”

“आई, आप्पांनी बोलावलं.”

आईने आप्पांकडे पाहिलं, मग सखारामकाका समोर बसले होते त्यांच्याकडे, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सत्तरीची बाई, पदर तोंडाला लावून उभी. आप्पांनी तिला कधीच नावाने हाक मारली नव्हती. ‘अगो, ऐकतंस काय’ एवढंच. त्या पिढीत नवरे बायकोचं नाव घेत नसत. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा आप्पांना खोकल्याची उबळ आली होती म्हणे, आणि ती सगळी माणसं जेवायला उठेपर्यंत थांबली नव्हती. आईने केरसुणीचा रोख माझ्याकडे वळवला. “लोक काय म्हणतील मेल्या? माझा नाव असा रस्त्यावर? काढ आधी ता!”

सखारामकाका पोट धरून हसत होते. मी त्याच पावली लॅपटॉप उघडला आणि “अगो, ऐकतंस काय” असं घालून पट्टी पुन्हा फ्लॅश केली. या गडबडीत आप्पांकडे बघायचं राहूनच गेलं.

आणि मग आप्पांनी ते बटण दाबणं सोडलं. बाकीची अकरा चालू, हे एक बंद. चहा हवा तर चहाचं, मांजर आलं तर मांजराचं, पण आईला हाक नाही. एकदा मी दाबायला लावलं. बाई म्हणाली, “अगो, ऐकतंस काय.” आप्पांनी मान हलवली आणि ‘नको’चं बटण दाबलं. मला वाटलं बटण खराब झालं. पट्टी उघडली, कथलाचे डाग तपासले, बटण बदललं, पुन्हा जोडली. माझ्या बोटाने ते उत्तम चालत होतं. सखारामकाका म्हणाले, अर्थिंग राहिलंय ना. मी म्हणालो, आप्पा, आवाज मोठा हवा का? नको. वाक्य बदलू का? आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग चिकट बटण दाबलं. मी गाढव असल्याचं मला चार वेळा ऐकवण्यात आलं.

हरून मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. आई विळीवर नारळ खवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “ता आधीचा होता ना, ता काय वाईट होता?”

“आधीचं कुठलं?”

“अरे ता. पयला घातलंवतास ता.”

“नावाचं? अगं, पण तूच केरसुणी घेऊन…”

“तेव्हा सखारामभावजी बसलेले समोर,” आई म्हणाली. “तू घाल ता परत. दुपारी कोण नसतं घरात.”

मी गेलो, लॅपटॉप उघडला, चार इंग्रजी अक्षरं लिहिली, आय, ए, ओ, ई, आणि पट्टी फ्लॅश केली. ‘इकडे ये’ या वेळी घातलंच नाही. पट्टी आप्पांच्या मांडीवर ठेवून बाहेर आलो. थोड्या वेळाने आतून टक् झालं.

“गोदा.”

आई जागची हलली नाही. विळीवरचा हात तेवढा थांबला. तिला ऐकू आलं नसेल असं वाटून मी म्हणालो, “आई, आप्पा बोलावतायत.”

“ऐकला मी,” आई म्हणाली. “जाईन सावकाश. आणखी एकदा हाक मारू देत त्यांना.”